सोमणकाकांचं विसर्जन

सोमणकाका कुठलीही गोष्ट आधी हुंगत आणि मग नाक मुरडत. फ्रोझन पोळ्या, कॅनमधलं दूध, माझ्या हातचा चहा, सगळ्यांवर निकाल एकच: "शी! शिसारी येते." मूळचे वाईचे. निवृत्त झाल्यावर कॅलिफोर्नियात सांता क्लाराला मुलीकडे राहायला आले, आमच्या शेजारी.

त्यांना पसंत पडली ती फक्त इथली नदी. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत मी त्यांना दाखवली, तेव्हा ती दुथडी भरून वाहत होती. काका हरखलेच. "अरे, फेब्रुवारीत एवढं पाणी, तर भाद्रपदात काय असेल! यंदा विसर्जन इथेच!" इथल्या मराठी मंडळाने माना डोलावल्या. इथला पाऊस हिवाळ्यातला, उन्हाळा सगळा कोरडा, हे रोज डोळ्यांना दिसत होतं. पण आमच्या डोक्यातला गावाकडचा भाद्रपद काही वाळला नव्हता. काकांनी शाडूची मूर्ती स्वतः घडवली.

अनंत चतुर्दशीला ढोल वाजवत पोचलो, तर नदी कुठे? धोंडे, कुजकी गादी आणि मधोमध बुडबुडे सोडणारं हिरवं डबकं. वासाने मी नाकाला रुमाल लावला. "अ‍ॅडजस्ट करू यार काका, पाणी आहे ना!" म्हणत मंडळाच्या सेक्रेटरीने, मिलिंदने, मूर्ती काकांच्या हातातून घेतली आणि त्या घाणीत सोडली. डबकं इतकं उथळ की ती बुडेचना. सोंडेला शेवाळ, मुकुटावर माशा. मंडळी 'मोरया' ओरडून पार्कात पुलाव वाढून घ्यायला गेली. त्या पुलावाची मला आजही किळस येते.

काकांनी बूट काढले आणि ते डबक्यात उतरले.

"काका, इन्फेक्शन होईल!" मी ओरडलो.

"होऊ दे! देव उकिरड्यात टाकून गिळायला बसू?"

मूर्ती छातीशी धरून ते वर आले. शर्टावरून काळं पाणी गळत होतं. "बाबा, गाडीला वास लागेल," मुलगी म्हणाली. मग मीच त्यांना घरी आणलं. धुता धुता मूर्ती विरघळत गेली. ती माती त्यांनी बादलीत भरून गराजमध्ये ठेवली. "वाहत्या पाण्याशिवाय पाठवायचा नाही."

जानेवारीत नदी वाहू लागली. काकांनी मंडळाला कळवलंसुद्धा नाही. आम्ही दोघेच गेलो. गार पाण्यात उभं राहून त्यांनी ओंजळीओंजळीने सगळी माती सोडली, हात जोडले आणि गाडीत बसताना म्हणाले, "माझं तिकीट काढून दे."

"का हो काका?"

"घाण आमच्या वाईलाही आहे रे. पण देव घाणीत टाकल्यावर ज्यांना भूक लागते, त्यांच्यात मला मरायचं नाही."

मुलगी रडली, पाया पडली. काका वाईला गेले ते गेलेच.