सव्वीस दिवसांचा महिना

कारखान्याच्या हजेरीखात्यात आमची टेबलं लागून होती. शेजारच्या टेबलावरच्या या जुन्या कारकुनांना सगळे 'सव्वीस' म्हणत. रविवार सोडून सव्वीस हजेऱ्या भरल्या की आमच्याकडे एक महिना धरतात. कामगारानं दिवस सांगायचा अवकाश, हे तोंडातल्या तोंडात महिने करून मोकळे! एकतीस वर्षं दुसरं केलं काय त्यांनी? बायको चिडवायची, "तुमचा महिना कारखान्यातच ठेवून येत जा. दूधवाला रविवारीही दूध घालतो."

तिच्या पोटातली गाठ हाताबाहेर गेली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "फार तर नव्वद दिवस." दुसऱ्या दिवशी ते कामावर आले, कोऱ्या कागदावर नव्वद भागिले सव्वीस असा भागाकार मांडला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "ताळा करून दे रे."

तीन महिने, बारा दिवस. मी ताळा केला आणि बरोबर आहे म्हणालो. हाताला सवयच ती.

मुलगी लांबच्या देशात नर्स. रजा मिळणार एकदाच, दहा दिवसांची. शेवटी आईचा हात हातात घेऊन बसता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "कॅलेंडरवर तीन महिने भरू देत, मग ये. शेवटचे दिवस सगळे तुझे." फोन ठेवताना हिशेब जमल्याचं समाधान होतं चेहऱ्यावर. इतक्या दुःखातही होतं.

ऐंशीएक दिवसांनी मी भेटायला गेलो. ते औषध आणायला गेले होते. ती पार हाडांचा सापळा झाली होती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मुलगी येणार त्या सोमवारभोवती लाल गोल काढलेला होता.

"भावजी, मोजा बरं."

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी मोजलं, रविवार धरून. ब्याण्णवावा दिवस. डॉक्टरांच्या नव्वदाच्याही पुढचा.

"पोरीशी बोलले मी," ती म्हणाली. "रजा आता बदलून मिळत नाही म्हणे. ह्यांना मात्र सांगू नका. एवढं एकच तर येतं हो त्यांना."

शहाऐंशीव्या दिवशी ती गेली. त्या मंगळवारी सकाळी ते तिच्या उशाशी बसून होते.

मुलगी ठरल्याप्रमाणे सोमवारी आली. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. बॅग हातात तशीच धरून ती खाटेकडे बघत राहिली. हे उठले, खिशातून तो घडीचा कागद काढून तिच्यापुढे धरला.

"तीन महिने नि वर बारा, म्हणजे अजून सोळा दिवस होते गं तिचे. डॉक्टर चुकला."

मुलीनं कागद वाचला. खाली ताळ्याची खूण होती, माझी. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरच चुकले."