अंगाचा रंग

"काटा माझ्याच पायात, आणि काट्यावरची शिकवणीही मीच घ्यायची?" कोळसाबाईनं ढवळायची काठी रंगाच्या कढईवर आडवी ठेवली. "म्हणजे तुम्ही नुसतं बसून चुकचुकायला मोकळे."

मुकादम डोकं खाजवत उभा राहिला. मोज्यांच्या कारखान्यात वंशभेदावर शिकवणी ठेवायचं मालकीणबाईंनी ठरवलं होतं, आणि ती कोळसाबाईनंच घ्यावी असा त्यांचा निरोप होता. तिच्या वंशाची तिथं ती एकटीच. मान मिळतोय म्हटल्यावर बाई खूश होईल, असं मुकादमाला वाटलं होतं.

कोळसाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कामाच्या पहिल्या दिवशी ती वाफेतून बाहेर आली, तेव्हा मुकादमच म्हणाला होता, कढईतून कोळसा निघाला की. सगळे पोट धरून हसले. तीही हसली, नोकरी नवी होती. नाव चिकटलं ते पक्क्या रंगासारखं, धुतलं तरी जाईना.

घरी लेकीनं उलटंच टुमणं लावलं. आई बोलली नाही तर ते लोक काहीबाही सांगतील, म्हणाली. तेही खरं. पण बोललं तर दर खेपेला आपणच खपली काढून दाखवायची. इकडे आड, तिकडे विहीर.

सकाळी कढई ढवळताना वाफ वर चढली. वाळत टाकलेले मोजे त्या वाफेत हळूहळू चालू लागले, बिनधडाचे, कुठल्या गावाला निघालेले कोण जाणे. त्यांच्या मागं चालत जावं आणि विरून जावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग काठी कढईच्या काठावर आपटली. तिनं मुकादमाला हाक मारली.

"शिकवणी तुम्ही घ्या. मी पुढं बसते. चुकलात तर टोकेन."

"माझा काय संबंध?"

"म्हणून तर."

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे तिथंच जमले. मुकादम पुढं उभा राहिला. हातांना काही सुचेना, म्हणून सवयीनं त्यानं ओल्या मोज्याचा तुकडा उचलून स्वतःच्या मनगटावर धरला. 'अंगाचा रंग' म्हणून विकायच्या मोज्यांचा रंग कातडीशी जुळला का, हे कारखान्यात वर्षानुवर्षं असंच बघत आले होते.

"हा अंगाचा रंग," तो म्हणाला, आणि थांबला.

मनगटाकडं पाहिलं. मग कोळसाबाईकडं. तिला वाटलं, द्यावा हात बिचाऱ्याला. नाही दिला. वाफ दोघांच्या मधून सावकाश निघून गेली.

"कोळसाबाई हे नाव मी ठेवलं," तो मनगटाशीच बोलल्यासारखा बोलला. "गंमत म्हणून. गंमत कुणाची, ते विचारलं नाही."

मागून एक शिलाईवाली पुटपुटली, हाक तर आम्हीही मारत होतो की.

"नावाचं झालं," कोळसाबाई उठली. "आता तो तुकडा माझ्या मनगटावर कधी का धरला नाही, तेही सांगा."

"त्याला वेळ लागेल, बाई."

"लागू दे. मी कढईपाशी आहे, तिथवर ऐकू येतं."

कढईत पुन्हा तोच रंग होता. तो तळाला बसू देऊन चालत नाही. तिनं काठी घेतली आणि ढवळायला लागली.