शेवग्याच्या बियांनी निवळलेलं पाणी

उन्हाळ्यात आमच्या खराडीच्या सोसायटीत टँकर सुरू झाले. पाणी इतकं गढूळ, की घरातला फिल्टर चार दिवसांत तुंबायचा. तेव्हा वडिलांनी त्यांच्या आईची रीत सांगितली. शेवग्याच्या वाळलेल्या बिया सोलून कुटायच्या, थोड्या पाण्यात कालवून फडक्याने गाळायच्या, ते पाणी हंड्यात ढवळायचं आणि मग हंड्याला हात लावायचा नाही.

मी ते मोजून केलं. दहा लिटरला दहा बिया कमी पडल्या, पंधरा पुरल्या. दोन मिनिटं जोरात ढवळायचं, दहा मिनिटं सावकाश, मग दोन तास थांबायचं. काचेच्या पेल्यामागे वर्तमानपत्र धरून बारीक अक्षर वाचता आलं, की वहीत 'ठीक' लिहायचं. सलग नऊ दिवस 'ठीक' आलं. दहाव्या दिवसापासून मी पाणी उकळणं बंद केलं. बायकोने हटकलं, तर तिच्यापुढे वही धरली.

वडील एक्याऐंशी वर्षांचे. पाच दिवसांनी सकाळी त्यांना जुलाब सुरू झाले, आणि दुपारी उठून बसवेना. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची चौकशी केली. मी प्रमाण, वेळ, पेला, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गाळाबरोबर बरेच जंतू खाली बसतात, सगळे नाही," त्या म्हणाल्या. "उकळत होतात ना?"

मी नाही म्हणालो. इतर सगळे आकडे मला तोंडपाठ होते.

दोन दिवस वडील नुसते पडून होते. लघवी कमी होत होती, त्यामुळे मूत्रपिंडाची काळजी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून नीट पाहिलं. मी झालं ते सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं.

"आई ते पाणी चुलीवर ठेवायचीच," ते म्हणाले. "तू विचारलं नाहीस. मला वाटलं, शिकलेला आहेस."

एवढ्यानेच त्यांना दम लागला.

घरी परतताना आधी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथल्या बाईंना ही रीत मीच शिकवली होती, आणि त्यांची नात दीड वर्षाची आहे.

"वहिनी, ते पाणी उकळल्याशिवाय देऊ नका. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"अहो, आम्ही उकळतोच," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे नाही उकळत?"