सावत्र आईची बाजू

कामोठ्याच्या वाचनालयात दर पंधरवड्याला नऊवारीतल्या एक मावशी दिसत. परीकथा नव्याने सांगणारं एकच पुस्तक त्या परत आणत आणि पुन्हा स्वतःच्या नावावर लिहून नेत. मुखपृष्ठावर ‘क्रांतिकारी’ असं छापलेलं असूनही पुस्तक मजेदार होतं. त्यात सावत्र आई आपली बाजू सांगते. मावशींनी नेण्याआधी मी तिथेच बसून अर्धं वाचलं होतं. बाजारात ते संपलेलं, म्हणून उरलेल्या अर्ध्यासाठी वाचनालयाच्या प्रतीक्षायादीत नंबर लावला होता; पण मावशींना नाही कोण म्हणणार!

“मावशी, अजून वाचून झालं नाही?” शेवटी मी विचारलंच.

“चारदा झाला. लय हसले. पन माझी सावत्र लेक येल, तवा तिला वाचाया घरात नको?”

“कधी येणार आहे?”

“लगीन होऊन सासरी गेली, तवापासून आली नाय.” त्यांनी पदराने मुखपृष्ठ पुसलं.

मी यादीतलं माझं नाव खोडलं.