अण्णांचं पेपरवाचन

जगातली निम्मी दुःखं माणसं सकाळी उठून डोळे नीट धूत नाहीत म्हणून निर्माण होतात, असं मनापासून मानणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला. ते आमचे बंगळूरच्या बनशंकरी भागातले घरमालक. साऱ्या गल्लीचे ते अण्णा आणि त्यांची बायको साऱ्या गल्लीची अक्का. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरची नोकरी धरून मी पुण्याहून बंगळूरला आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी ना पगार विचारला, ना गाव. चष्म्याचा नंबर विचारला. "उणे सात," मी खाली मान घालून म्हणालो. अण्णांनी कपाळाला हात लावला. "चष्मा म्हंजे डोळ्याची काठी रे. एकदा धरलास की सुटत नाही. सहा महिन्यांत उतरवतो बघ!"

आणि मी विज्ञानाचा पदवीधर असूनही त्यांच्या हवाली झालो. त्याला कारण होतं. त्या वर्षी मला मुली दाखवायचा कार्यक्रम जोरात होता आणि दोन ठिकाणांहून 'मुलगा चांगला आहे, पण काचा फार जाड' असा निरोप आला होता. त्यामुळे तोंडात पाण्याचा फुगा धरून उघड्या डोळ्यांवर सपकारे मारणं, तळपायाला एरंडेल चोळणं, समोरच्या बंगल्यातल्या दवभरल्या हिरवळीवर मालक उठायच्या आत अनवाणी फिरणं, हे सगळं मी इमानेइतबारे केलं. एरंडेलाच्या पायांनी दोनदा आडवाही झालो. नंबर होता तिथंच राहिला. शेवटी अण्णांच्या नकळत मी कॉन्टॅक्ट लेन्स करून आणल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून लेन्सची डबी फुटली, म्हणून औषधाचं पाणी स्टीलच्या वाटीत ओतून लेन्स त्यात ठेवल्या. सकाळी अण्णांनी ती वाटी उचलून तोंडात फुगा धरला, डोळे धुतले आणि चूळ मोरीत टाकून म्हणाले, "आज पाणी स्वल्प खारट लागतंय बघ." मी मोरीच्या जाळीकडे एकदा बघून घेतलं. पुन्हा जाड काचा चढवल्या आणि ऑफिसला गेलो.

पण अण्णांचा खरा थाट बघावा तो सकाळी सात वाजता, ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत. अक्का निपाणीकडची, शाळा मराठी. तिला कन्नड बोलता येई, वाचता येत नसे. मराठी पेपर तिथं दोन दिवसांनी यायचा, आणि शिळी भाकरी चालेल पण शिळा पेपर चालणार नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून लग्न झाल्यापासून अण्णा कन्नड पेपर समोर धरून तो मराठीत मोठ्यानं वाचत आणि अक्का तांदूळ निवडत ऐके. मीही कॉफीचा पेला घेऊन पायरीवर बसायचो, कारण कन्नड अक्षरं माझ्या दृष्टीनं सगळी सारखीच गोल होती. त्या पेपरात बातम्या मोठ्या गोड असत. बनशंकरीला आता रोज पाणी येणार असे. निपाणीला हमखास चांगला पाऊस झालेला असे. आणि एकदा तर बंगळूरजवळच्या होसकोटेला असा कारखाना निघाला होता, की कितीही नंबर असो, चष्म्याच्या काचा पापडासारख्या पातळ करून मिळणार!

पुढच्याच शनिवारी मी होसकोटेला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत उन्हातान्हात चार तास तो कारखाना शोधला. लोखंडाचे मिळाले, प्लास्टिकचे मिळाले, पापडाचासुद्धा एक मिळाला. आपणच पत्ता नीट ऐकला नाही, असं म्हणत परत आलो. सोमवारी हे ऐकून शेजारच्या टेबलावरचा हुबळीचा सहकारी पोट धरधरून हसला. "कौन से पेपर में आया, यार?" मला राग आला. 'हाच तो पेपर' म्हणून मी दुसऱ्या दिवशी, अण्णांनी नुकताच वाचून ठेवलेला पेपर त्याच्यापुढे आपटला. त्यानं तो उलगडला आणि तो हसायचा थांबला. "अरे, ये कन्नड है ही नहीं. तेलुगू है." पेपरवाल्यानं चुकून दुसऱ्याच घरचा अंक टाकला होता, आणि अण्णांनी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत धडाधड वाचला होता.

संध्याकाळी मी अण्णांना गच्चीवर गाठलं. मी पुढे केलेला तेलुगू अंक त्यांनी नुसता चाचपला. मग म्हणाले, "वर्ष झालं रे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळं दुधातून बघितल्यागत दिसतंय." ऑपरेशन का करत नाही, असं विचारलं, तर आंबा आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय उतरवू नये, हा सिद्धांत त्यांनी सांगितला. पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. "आणि बिघडलं म्हंजे? हिला कोण वाचून दाखवणार? इथं हिचं दुसरं कोण आहे? तू सांगू नको तिला." मी वरवर रागावून होसकोटेचा विषय काढला. ते ओशाळून म्हणाले, "त्या काचांपायी तू लई खट्टू दिसत होतास रे."

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता पिकायची वाट बघावी लागत नाही, आत नवी भिंगं बसवता येतात; मात्र आणखी थांबलात तर अवघड होईल. अण्णांनी अक्काला "डोळ्याची स्वल्प सफाई आहे" असं सांगितलं आणि माझा हात घट्ट धरून आत गेले. डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळं ठीक झाल्याचं सांगेपर्यंत, मी अण्णांइतकाच घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी डोळ्याला पट्टी लावून अण्णा खुर्चीत बसले, आणि अक्कानं पेपर माझ्या हातात दिला. "आज तू वाच की." मी अण्णांकडे बघितलं, ते आभाळाकडे बघत होते. मी पेपर धरला, घसा खाकरला आणि सुचेल ते वाचलं. बनशंकरीला पाणी आणलं. कांदा स्वस्त केला. चिकपेटच्या बाजारात साड्यांचा सेल लावला. अक्का शांतपणे खडे वेचत होती. माझं संपल्यावर तिनं मान वर केली.

"आणि निपाणीला पाऊस नाही का रे आज?"

मी गडबडलो. "आहे की अक्का, आतल्या पानावर आहे. चांगला झालाय."

"असू दे," ती म्हणाली. "ह्यांच्यासारखं नाही जमत तुला. वर्षभर ह्यांनी एक दिवस चुकवला नाही." अण्णांचा उघडा डोळा भरून आला. "रडू नका," अक्का म्हणाली, "टाका ताजा आहे."

पुढे दुसराही डोळा झाला आणि वाचायचा चष्मा लावून अण्णा खरा पेपर वाचू लागले. त्यात दुष्काळ, संप, मारामाऱ्या असं सगळं असे. तो अक्कानं आठ दिवस सहन केला असेल. मीही तोवर बसच्या पाट्यांवरून कन्नड अक्षरं शिकलो होतो. एका सकाळी, तिसऱ्या मुलीचा नकार खिशात घेऊन, मी अण्णांच्या पाठीमागे उभा होतो. पान नुसतं जाहिरातींचं होतं. अण्णा वाचत होते, "निपाणीला काल रात्रीपासून संततधार." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी पान उलटलं. "आणि बनशंकरीतल्या एका चष्मेवाल्या मुलाचं लग्न ठरणार आहे. मुलगी चांगली आहे, म्हणे."

आता माझ्या काचा खरंच पापडासारख्या पातळ झाल्या आहेत आणि तीन भाषांतले पेपर मी घडाघडा वाचतो. निपाणीच्या पावसाची बातमी मात्र अजून कुठं सापडली नाही. तरी रोज सकाळी मी आतलं पान एकदा उलटून बघतो.