ओजसच्या पायांचा फोटो

माशी कालच्याच जागी बसलेली होती. मी दचकलेच!

थांबा, नीट सांगते. जन्मतःच सांधे आखडलेल्या बाळांच्या हडपसरच्या एका क्लिनिकमध्ये मी समुपदेशक आहे. खास बूट बाळाला नीट घातलेत ना, हे कळावं म्हणून आया रोज पायांचा फोटो पाठवतात. मोबाइलमध्ये फोटो साठतात आणि डोक्यात किस्से. खोलीवर मी एकटीच, ऐकायला कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

तर मांजरी गावच्या रेणुकाचा सोमवारचा आणि मंगळवारचा फोटो एकच. चादर तीच, ऊन तेच, माशीसुद्धा तीच! जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. उचलला नाही.

*

ओजस, रेणुकाचा मुलगा, आला तेव्हा गुडघे काठीसारखे ताठ, पावलं आत वळलेली.

"आमचा चुलता असाच होता. जन्मभर सरपटला," त्याचे आजोबा म्हणाले.

"आता दर आठवड्याला प्लास्टर बदलून पावलं हळूहळू सरळ करतो. मग टाचेमागे एक छोटीशी चीर," आमच्या डॉक्टर म्हणाल्या.

"बस, एवढंच?"

"नाही. मग गुडघे वाकावेत म्हणून रोज व्यायाम, आणि चार-पाच वर्षं झोपताना बूट. सोडलेत, की पाय परत वळले. सोपं काम आमच्याकडे असतं, अवघड तुमच्याकडे!"

*

प्लास्टर कापायची करवत पहिल्यांदा घरघरली, तेव्हा मी किंचाळले.

शिंदेकाका, आमचे प्लास्टरवाले, मान वर न करता म्हणाले, "अहो मॅडम, हळू. पेशंट झोपलाय."

*

येरवड्याच्या एक आजी ते बूट रोज उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. "पायताण घालून अंथरुणावर? आमच्यात चालत नाही."

मी अर्धा तास समजावलं. व्यर्थ! काका म्हणाले, "आजी, हे बूट घालून बाळ अजून एक पाऊलही चाललेलं नाही. पायताण कसले?"

पुढच्या खेपेला बाळ बूट घालून आलं. बुटांवर हळदीकुंकू!

*

बुधवारी रेणुकाचा तोच फोटो, गुरुवारीही तोच. मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोन लावतेय, नुसती रिंग जातेय. मला स्वतःला फोन येतो तो कुरियरवाल्याचा.

"मॅडम, घरी कोणी आहे?"

"नाही, मी कामावर आहे."

"शेजारी देऊ?"

"शेजारी मी कोणाला ओळखत नाही."

"मग काय करू?"



*

शुक्रवारी डबा उघडला आणि तसाच बाजूला सारला. डोळ्यांसमोर ओजसची पावलं परत आत वळत होती. पुन्हा फोन लावला. रिंग संपता संपता कोणीतरी उचलला. रेणुकाची सासू, धापा टाकत.

"रेणुका मंगळवारपासनं कंपनीत जाती. फोन माझ्याकडं ठिवती. मला नवा फोटो काढता येत न्हाय, जुनाच धाडती."

"अहो, पण बूट? आणि फोन का उचलत नव्हता?"

"उचलू कशी बाई! तुमचा फोन नेमका ह्याच्या दुपारच्या निजायच्या टायमाला. मी बूट घालाय बसती, अन् हे पोरगं गुडघं दुमडून दुमडून लाथा मारतंय!"