अर्जगोर

सत्तरच्या दशकात हिंगणघाटच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये एक राक्षसाचा सिनेमा आला. समुद्रातून निघून शहर गिळणाऱ्या त्या जनावराच्या नावाचे शेपूट ‘गोर’ असे होते. सिनेमा गेला, शेपूट आमच्या गल्लीत राहिले. प्रथम ते आकाराला लागले आणि मोठे वांगे वांगेगोर झाले. मग खादाड जावई जेवणगोर, सुनेला छळणारी सासूगोर. तेव्हा मीही हसत असे.

पुढे गल्लीलगतच्या एका जिनिंगने, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याने, कुंपणाला खेटून, विजेच्या तारांखाली कापसाच्या उघड्या गंज्या रचल्या. एक ठिणगी आम्हा सर्वांना पुरेशी होती. मी तहसीलदारांस अर्ज केला, मग स्मरणपत्रे, मग त्यांच्या प्रती वरच्या कार्यालयास. अखेर गंज्या हलवण्याचा आदेश निघाला. मालकाने त्या हलवल्या नाहीत. ऐन हंगामात फाटकाला कुलूप घातले आणि मजुरांना माझे घर दाखवले. या निर्लज्जपणाचा संताप मला आजही आवरत नाही.

कुलूप निघालेच नाही, आणि त्या वर्षी पोळ्याला गल्लीतल्या मजुरांच्या अनेक घरांत पुरण शिजले नाही. मी अर्जगोर झालो होतो, म्हणजे लोकांचे पोट गिळणारा.

पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या डहाळ्या, म्हणजे मेढे, ठेवतात. दुसऱ्या सकाळी ज्याने त्याने आपले मेढे शिवेबाहेर फेकायचे आणि घरची पीडा ती वाहून नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यासोबत घालवायची, ही रीत. त्या सकाळी आरोळ्या आमच्या दाराशी येऊन थांबल्या.

“खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत. अर्जगोराले घेऊन जाय गे मारबत.”

हशा झाला. मग तो एकदम थांबला, आणि मी कडी लावली. दारावर काहीतरी आपटू लागले. शांत झाल्यावर पत्नीने दार उघडले, तर अंगणात अख्ख्या गल्लीचे मेढे पडले होते. साऱ्यांची पीडा आमच्या दारात टाकली होती.

मी दंडसंहिता काढली. डहाळी फेकण्याला कलम सापडेना.

“ते पुस्तक ठेवा बाजूले,” पत्नी म्हणाली. “हे शिवेबाहेर न्या लागते. धरा इकून.”

भारा दोघांनी उचलला. दारादारांत माणसे उभी राहून बघत होती. मागून मात्र पावले येत होती. शिवेवर वळून पाहिले तर जिनिंगमधला एक धिप्पाड मजूर होता. मघाची पहिली आरोळी त्याचीच होती. पत्नीने माझी बाही धरली.

“काकाजी, अर्जगोर तुमीच ना?”

“हो.”

“मंग मालकाले खा ना. आमाले काऊन खाता?” त्याने भाऱ्यातली एक डहाळी उपसून शिवेपार भिरकावली. “फाटक उघडाचा अर्ज लिहा. आमी अंगठे देतो.”

अर्जगोरला आता दुसराच अर्थ येत होता. पुढच्या पोळ्यापर्यंत तो कोणीकडे वळेल, हे मला ठाऊक नव्हते. अर्ज मी त्याच दुपारी लिहिला, पण दाराला आतून कडी लावून.